चवीपुरतं मीठ

वहिनीने उकडलेल्या अंड्याचा एक घास खाल्ला आणि दुसरं अंडं हातात घेऊन ती ओट्यापाशी विचार करत उभी राहिली. तोंडात गेला तेवढाच घास आता या अंड्यातून कापायचा होता. पहिल्या घासात बलक जास्त आला होता, त्यामुळे नुसता आकार बघून भागणार नव्हतं. शेवटी तिने प्लास्टिकच्या सुरीने अंडं उभं चिरलं, बलकाचा बरा तुकडा निवडून पांढऱ्या डब्यात टाकला आणि झाकण घट्ट लावलं. मग पुढचा घास. या चालीने अंडं संपेपर्यंत चहा गार झाला आणि त्या गार चहाचाही निम्मा कप डब्यात ओतावा लागला.

डबा दिला होता संशोधन संस्थेतून आलेल्या एका मुलीने. गल्लीत तिला सगळे मिठाची मॅडम म्हणत. जेवणातल्या खनिजांचा पोटाच्या कॅन्सरशी काय संबंध असतो, याचा ती अभ्यास करत होती. मीठ, लोह, जस्त आणि सेलेनियम नावाचं आणखी काहीतरी. ज्या घरात हा आजार होऊन गेला असेल, तिथल्या माणसांनी आठवडाभर जे खातील त्याचा तेवढाच दुसरा वाटा डब्यात टाकायचा. आठवड्याने मुलगी डबे नेणार, सगळं एकत्र घुसळणार, वाळवणार, जाळून त्याची राख करणार आणि त्या राखेत काय काय आहे ते यंत्रावर मोजणार. डब्याला धातूचा चमचा लावायचा नाही, अशी तिची सक्त ताकीद होती.

"म्हणजे मी जेवायचं आणि डब्यालाही जेवू घालायचं," वहिनी म्हणाली होती.

"अगदी बरोबर, काकू. घासाला घास."

"डब्याची आवडनिवड काही नाही ना?"

मुलगी हसली. वहिनी हसली नाही. तिला विचारायचं होतं ते वेगळंच होतं आणि ते विचारायला तिला मुलीच्या सह्याबिह्या घेऊन होईपर्यंत धीर झाला नाही.

"पोरी, यावरून कळेल का गं, माणसाला कशामुळे झालं ते?"

"त्यासाठीच तर चाललंय ना सगळं," मुलगी पिशवी भरता भरता म्हणाली.

मुलीच्या मनात हजारो माणसं होती. वहिनीच्या मनात एकच होता.

तो म्हणजे तिचा नवरा. वजनकाटे दुरुस्त करण्याचं त्याचं दुकान होतं. सगळ्या बाजाराची वजनं बरोबर करणाऱ्या या माणसाला मिठाचं मात्र काही प्रमाण नव्हतं. ताट पुढे आलं की चव घेण्याआधी वरून मीठ. खारवलेला मासा तो पावाबरोबर खाई आणि पाव संपला की पावाशिवाय खाई. त्यात वहिनीचा हातही मिठाला सैल. लग्न झालं तेव्हा लोक म्हणाले होते, देवाने जोडा चांगला जमवलाय.

मग पोटाचं दुखणं निघालं. इस्पितळाच्या बोळात डॉक्टरांनी सहज विचारलं, "यांच्या खाण्यात मीठ फार होतं का?" नवऱ्याची धाकटी बहीण शेजारीच उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. तिने फक्त मान वळवून वहिनीकडे बघितलं. डॉक्टर पुढच्या खोलीत निघून गेले, त्यांना तो प्रश्न आठवतही नसेल. वहिनीला मात्र ती नजर पुरून उरली. भाऊ गेल्यावर चार नातेवाइकांच्या देखत बहिणीने जाहीर केलं की यापुढे या चुलीवरचं पाणीसुद्धा मी पिणार नाही.

ही बहीण म्हणजे रेक्टरबाई. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून तिने जन्म काढला होता आणि निवृत्त झाल्यावरही गल्लीतल्या मुली तिला बघून आपोआप ओळीने चालू लागत. तिने लग्न केलं नाही आणि स्वयंपाकही केला नाही. दुसऱ्यांनी शिजवलेल्या अन्नात खोट काढणं हे तिचं काम होतं, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. वडिलांच्या घराचा अर्धा भाग तिचा, अर्धा भावाचा. पुढच्या बाजूला दोघांच्या मध्ये भिंत घातली गेली होती. मागचा व्हरांडा मात्र दोघांचा सामाईकच राहिला, कारण नळ तिथे होता आणि नळाच्या वाटण्या करता आल्या नाहीत. दोन्ही स्वयंपाकघरांची दारं त्याच व्हरांड्यात उघडत.

आता मोठ्या आवाजात केलेल्या प्रतिज्ञेची एक अडचण असते. ती ऐकायला माणसं पुष्कळ जमतात, पण दुपारी भूक लागते तेव्हा आपण एकटेच असतो. रेक्टरबाईंच्या चुलीवर चहाची किटली सोडून काही चढत नसे. नवऱ्यामागे दुकान वहिनीनेच चालवायला घेतलं होतं, त्यामुळे ती सकाळी स्वयंपाक करून जाई, दुपारी जेवायला येई, संध्याकाळी पुन्हा रात्रीचं करून ठेवून दुकानात जाई. मागच्या दाराला नुसती कडी होती. आणि लोखंडी कढईतला रस्सा रोज थोडा कमी होई.

"मांजर," वहिनी शेजारणीला सांगे. "मेलं रोज तोंड घालतं."

हे मांजर कढईवरचं झाकण उचले, हवं तेवढं घेई, झाकण जागेवर ठेवी, डाव धुऊन खुंटीला अडकवी आणि जाताना दाराला कडी लावून जाई. इतकी वर्षं झाली, पण वहिनीने त्याला कधी हाकललं नाही. ती कढईत रोज दोघांना पुरेल एवढं शिजवी. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा आपणही जरा दुसरीकडे बघावं, हे तिला समजत होतं. उघड बोललं तर नणंद उपाशी राहील पण दाराशी यायची नाही, याची तिला खात्री होती. आणि खरं सांगायचं तर आपल्या हातचं कुणीतरी खातंय, याचा तिला फार आधार वाटे.

भीतीही त्यातच होती. आपल्याच मिठाने भाऊ गेला असेल, तर आता बहीणही त्याच वाटेने चालली आहे आणि आपण तिला रोज दोन्ही वेळा वाढून ठेवतोय. हा विचार आला की वहिनी मिठाच्या बरणीवर हात ठेवून नुसती उभी राहायची.

मिठाच्या मॅडमने जेव्हा सांगितलं की रक्ताच्या नात्यातल्या माणसाची पोटाची दुर्बिणीतून तपासणीही होईल, तेव्हा वहिनीने विचार करायला वेळच घेतला नाही. रेक्टरबाईही लगेच तयार झाल्या. एकाच घरातल्या दोन चुली, दोन डबे, आणि मध्ये शास्त्र.

"होऊन जाऊ दे एकदा," त्या नळावर बादली भरताना वहिनीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. "कुणाच्या घरात काय शिजतं ते कळेल तरी."

पहिल्या दिवशी त्यांनी खरोखरच स्वतः शिजवायचं ठरवलं. नवं पातेलं आणलं, त्यात बटाटे टाकले आणि पेपर वाचत बसल्या. बटाटा वरून करपला होता, आणि आतून इतका कच्चा होता की परत जमिनीत पुरला असता तर उगवला असता. रेक्टरबाईंनी त्याचा एक घास घेतला. नियमाप्रमाणे एक घास डब्यात टाकला. डब्याने तो मुकाट्याने घेतला, रेक्टरबाईंना मात्र ते जमलं नाही. दुपार होता होता त्या टॉवेलखाली ताटली झाकून व्हरांडा ओलांडत होत्या.

नेमका त्याच दिवशी वहिनीने घात केला होता. यंत्रावर आपलं मीठ मोजलं जाणार या धास्तीने तिने कोबीच्या रश्शात मिठाची नुसती चिमूट टाकली होती. रेक्टरबाईंनी पहिला घास तोंडात घेतला आणि त्या थबकल्या. वसतिगृह असतं तर स्वयंपाकिणीला त्यांनी उभ्या उभ्या जाब विचारला असता. इथे विचारणार कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो असा. त्यांनी तो अळणी रस्सा मुकाट गिळला आणि तेवढाच डब्यात ओतला. पण संध्याकाळी नळावर गाठ पडली तेव्हा त्यांना राहवेना.

"काही लोकांच्या घरातलं मीठ संपलेलं दिसतंय," त्या बादलीकडे बघत म्हणाल्या.

वहिनीने नळ बंद केला. "तुम्हाला कसं कळलं, वन्सं?"

"वासावरून."

"मिठाला वास असतो?"

रेक्टरबाई बादली उचलून तरातरा आत गेल्या. वहिनीला हसू आवरेना. मग ती ओट्यापाशी येऊन बसली आणि तिचं हसू गेलं. यंत्राला फसवून आपल्याला काय कळणार? जे खरं आहे तेच डब्यात जाऊ दे, मग काय व्हायचं ते होऊ दे. दुसऱ्या दिवशी तिने डोळे मिटून नेहमीचं मीठ टाकलं.

अडचण आता दुसरीच आली. मांजर आता एकाऐवजी दोघांचं नेऊ लागलं होतं. रेक्टरबाईंच्या पोटाला एक वाटा आणि रेक्टरबाईंच्या डब्याला एक. वहिनीलाही स्वतःचे दोन वाटे लागत. दुपारी दुकानातून येऊन तिने झाकण उचललं तर कढईच्या तळाशी डावभर रस्सा उरलेला. त्यातला निम्मा तिने खाल्ला, निम्मा डब्याला दिला आणि अर्धपोटी दुकानात गेली. दुसऱ्या सकाळपासून ती एकटी बाई चौघांचा स्वयंपाक करू लागली.

"एवढी मोठी कढई?" खिडकीतून शेजारणीने विचारलं.

"मांजर आहे ना."

"एकच ना पण?"

"पिल्लं झाली असतील त्याला."

"अहो, बोका आहे तो," शेजारीण म्हणाली.

वहिनी म्हणाली की हल्ली काही सांगता येत नाही, आणि तिने खिडकी लावून घेतली.

आठवडा संपला. मुलगी येऊन दोन्ही डबे घेऊन गेली. रेक्टरबाईंची दुर्बिणीची तपासणीही झाली. त्या दिवशी वहिनीने दुकान उघडलं नाही, व्हरांड्यात बसून राहिली. रेक्टरबाई परत आल्या तेव्हा घसा धरून कुजबुजत बोलत होत्या आणि गल्लीला इतकं शांत कधी वाटलं नव्हतं. मग पुष्कळ दिवस काहीच निरोप आला नाही. वहिनीच्या हातून त्या दिवसांत काट्याचं एकही पारडं धड सरळ झालं नाही.

मुलगी आली ती एका सकाळी, वहिनीची कढई चुलीवर असताना. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली, आणि तिचा चेहराच सांगत होता की काहीतरी बिनसलंय. रेक्टरबाई आपल्या दारातून खुर्ची घेऊन आल्या आणि बरोबर आपल्या हद्दीत ठेवून बसल्या. वहिनी उंबऱ्यात उभी राहिली.

"आधी चांगली बातमी," मुलगी म्हणाली. "रेक्टरबाई, तुमचं पोट एकदम छान आहे. आतल्या अस्तराला काहीही नाही. या वयात इतकं चांगलं आम्हाला फार क्वचित दिसतं."

"मला ठाऊक होतं," रेक्टरबाई म्हणाल्या.

उंबऱ्यातून एक मोठा श्वास ऐकू आला. वहिनीने चौकटीला हात टेकला होता. मुलीला वाटलं, काकूंना चक्कर येतेय की काय.

"आणि डबे?" वहिनीने विचारलं.

मुलीने ओठ चावला. "डब्यांचं काही खरं नाही, काकू. माझ्याकडूनच चूक झाली. दोन्ही डब्यांचे आकडे जवळजवळ सारखे आलेत. मीठ सारखं, जस्त सारखं, सेलेनियमसुद्धा सारखं. दोन वेगळ्या चुलींवर असं कधीच होत नाही. आणि लोह तर दोन्हीकडे भरपूर, लोखंडी भांड्यात शिजवल्यासारखं. रेक्टरबाई, तुमच्याकडे लोखंडी भांडं आहे?"

"माझ्याकडे किटली आहे," रेक्टरबाई म्हणाल्या. "ॲल्युमिनियमची."

"तेच ना. म्हणजे मी काकूंचाच डबा दोनदा मोजला. सर खूप रागावले. दोन्ही डबे अभ्यासातून काढून टाका म्हणाले."

"काढून टाका म्हणजे?" वहिनी म्हणाली.

"म्हणजे धरायचेच नाहीत. सॉरी, काकू. तुम्ही इतकं मन लावून केलंत."

वहिनी आत वळली, चुलीपाशी गेली, काही न करता परत उंबऱ्यात आली.

"मग मला कळणारच नाही," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही माहीत नव्हतं.

रेक्टरबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी काही बोलायची गरज नव्हती. चूक त्या पोरीने स्वतःहून अंगावर घेतली होती, पोट निरोगी निघालं होतं, प्रतिज्ञा शाबूत होती. आणखी काही क्षण गप्प राहिलं की पोरगी पिशवी उचलून निघून गेली असती. त्या वहिनीकडे बघत राहिल्या. इस्पितळाच्या बोळात ती अशीच उभी होती, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

"मॅडम," रेक्टरबाई म्हणाल्या. "डबे बदललेले नाहीत."

"अहो, आकडे तर..."

"आकडे बरोबर आहेत. तुमच्या सरांना सांगा, पोरीवर उगाच ओरडू नका." त्यांनी घसा साफ केला. "मी हिच्याच कढईतलं जेवते."

मुलीने दोघींकडे बघितलं. "त्या आठवड्यात?"

"तो गेला त्या वर्षापासून."

वहिनीने पदराला हात पुसले, ते कोरडेच होते.

"लिहा," रेक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वसतिगृहातल्या हजेरीच्या वेळचा होता. "गेलेल्या माणसाची सख्खी बहीण. रक्त तेच. दोन्ही वेळचं जेवण वहिनीच्या हातचं, इतकी वर्षं. मीठ तेच, कढई तीच. दुर्बिणीतून तपासलं, पोटात काही दोष नाही. लिहिलंत?"

मुलीच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं होतं. एका पोटावरून काहीच सिद्ध होत नाही. मीठ पोटाचं अस्तर दुखावतं हे खरं, पण त्याच्या जोडीला जंतू असतो, तंबाखू असते, रक्तातलं काही असतं, नशीबही असतं. कुणा एका माणसाला नेमकं कशामुळे झालं ते मागे जाऊन सांगणारं यंत्र नाही. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. तिने उंबऱ्याकडे बघितलं आणि पेन उघडलं.

"लिहिलं," ती म्हणाली. मग तिला राहवेना. "पण दोघींनी मीठ निम्म्यावर आणायचं हं. खरंच जास्त आहे. फारच जास्त आहे."

"ते बघू," दोघी एकदमच म्हणाल्या.

मुलगी निघून गेली. रेक्टरबाई खुर्ची उचलायला उठल्या नाहीत. वहिनी उंबऱ्यावरच बसली. कढईतून वाफ येत होती.

"इतकी वर्षं मला वाटायचं, मीच मारलं त्यांना," वहिनी म्हणाली.

"मी असं कधी म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीत. बघितलंत."

आयुष्यभर रेक्टरबाईंनी पोरींना, का गं, उत्तर दे, असं म्हटलं होतं, आणि आता त्या स्वतः पायांच्या बोटांकडे बघत बसल्या.

"चुकीचं बघितलं," त्या अखेर म्हणाल्या. "कुणाकडे तरी बघायचं होतं गं. तू समोर होतीस."

वहिनीला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते नुसतं हलकं वाटणं, काट्याच्या एका पारड्यातलं ओझं कुणी काढून घ्यावं तसं. मग ती उठली, आत गेली आणि तिने ताटं घेतली. दोन घेतली. भांड्यांचा आवाज ऐकून रेक्टरबाई सवयीने उठल्या, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला दोरीवर टॉवेल होता तिकडे निघाल्या, आणि मध्येच थांबल्या.

"इकडून या," वहिनी आतून म्हणाली. "दार उघडंच आहे."

रेक्टरबाई टेबलाशी बसल्या. या टेबलाची उंची त्यांना नवी होती, कारण आजवर त्या कढईपाशी उभ्यानेच ताटली भरून घेत आल्या होत्या. वहिनीने चुलीवरून कढई उतरवली आणि रस्सा वाढला. रेक्टरबाईंनी पाव मोडला, नेहमीसारखा बुडवून भला मोठा घास तोंडात टाकला आणि हाय हाय करत खुर्चीतून अर्ध्या उठल्या. वहिनीने घाईने पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी या चुलीवरचं पाणी घटाघटा पिऊन टाकलं आणि ताटाकडे डोळे विस्फारून बघत राहिल्या.

"हे एवढं गरम असतं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासूनच," वहिनी म्हणाली. "फुंकून खा."